मंजुळाबाईंची योजना

मंजुळाबाई ट्रेनिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या, आणि पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्यात नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ढसाढसा रडल्या होत्या. एक खोली, चार वर्ग आणि त्या एकट्या. ट्रेनिंगमध्ये एकाच वर्गाला रंगीत तक्ते लावून शिकवायचं शिकल्या होत्या. इथे पहिलीला अक्षरं गिरवायला द्यावीत, तर चौथीची पोरं खिडकीतून पसार! ठेचा खात त्या सावरल्या, पण त्या वर्षीची पोरं आपल्या हातून वाया गेली, हे त्यांना कायम डाचत राहिलं.

पुढे त्या बुलढाण्याला, अध्यापक विद्यालयात शिकवायला आल्या. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली असतील. सरकारने प्राध्यापकांकडून, कर्मचाऱ्यांकडून योजना मागवल्या. शिक्षक घडवायची रीत बदलायची, निवडलेल्या योजनेला अनुदान. बाईंनी लिहून दिलं, विद्यालयातल्या शिकाऊ मुलींनी एक अख्खं सत्र एकशिक्षकी शाळेत राहून शिकवावं. मंजुरी आली. प्राचार्य रामरावांनी पेढे वाटले. "आपल्या विद्यालयाचं नाव झालं," म्हणाले. बाईंचं नाव घ्यायचं तेवढं राहून गेलं.

देऊळघाटाच्या आसपासच्या वस्त्यांवर सहा मुली गेल्या. त्यांत उंद्रीची वच्छला होती. सुरुवातीला ती बाईंचा पदर सोडेना. दिवाळीपर्यंत मात्र चौथीच्या पोरांना पहिलीला वाचून दाखवायला लावायची आणि आपण तिसरीची गणितं घ्यायची. "मले येते, मले येते," म्हणत पोरं तिच्याभोवती गर्दी करत. ते बघताना बाईंना वाटे, आपल्या त्या पहिल्या वर्षाचं देणं आता कुठे फिटलं.

मग पाहणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. पोरं कडुनिंबाखाली गटागटाने बसलेली, भिंतीवर तक्ता नाही, आणि शिकवणारी वच्छलाच मुलांशी वऱ्हाडी बोलते आहे.

"ही शाळा आहे की बाजार?" साहेब रामरावांवर कडाडले.

"मी मंजुळाबाईंना आधीच बजावलं होतं, साहेब," रामराव म्हणाले. बाई शेजारीच उभ्या होत्या. रामरावांनी असं काही बजावलेलं नव्हतं.

चौकशी बसली. मुलींना एकेक करून आत बोलावलं. वच्छला बाईंच्या समोरच उभी राहिली आणि फरशीकडे बघत पाठ केल्यासारखं बोलली, "खेड्यात काही शिकायला मिळालं नाही. सत्र वाया गेलं."

योजना बंद झाली. उरलेल्या अनुदानातून विद्यालयाच्या हॉलमध्ये मखमली पडद्याचं व्यासपीठ उभं राहिलं, आदर्श पाठ घेण्यासाठी. पहिला पाठ मंजुळाबाईंनीच घ्यावा, असा हुकूम आला. विधवा बाई, घरी म्हातारी आई. नोकरी सोडून जाणार कुठे? त्यांनी तक्ते लावले, धुतलेल्या गणवेशातल्या निवडक मुलांना निवडक प्रश्न विचारले. टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने रामरावांनी वाजवल्या.

पुढल्या पावसाळ्यात एका रविवारी वच्छला दारात आली. घाटाखालच्या एका गावी तिची नेमणूक झाली होती. तोंड सुकलेलं.

"बाई, पोरं आयकतच नाईत जी. तिथं पाठीशी तुमी व्हत्या, इथं मी एकलीच हाये. मले सुचूनच नाई राह्यलं. तुमी सांगा न."

"माझ्याकडून तुला काही शिकायला मिळालं नव्हतं ना?"

वच्छलाचे डोळे भरले. "मले पास व्हाचं व्हतं, बाई. रामराव सर म्हनले, सांगतो तसं बोलली नाई त नापास करतो. बापानं तीन एकरातून शिकवलं मले."

बाईंना सगळं कळत होतं. पोरीला आत घ्यावं, पाणी द्यावं, पाटी घेऊन समजावून सांगावं, हेही सुचत होतं. पण चौकशीतलं ते 'सत्र वाया गेलं' कानातून जाईना.

"रामराव सरांनाच विचार," म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बाहेर पोरगी बराच वेळ उभी होती. मग चपलांचा आवाज लांब गेला.

संक्रांतीच्या सुमारास कळलं, वच्छलाने नोकरी सोडली आणि बापाने तिचं लग्न लावून दिलं. ती शाळा पुढे वर्षभर बिनशिक्षकाची राहिली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी वच्छलाची बातमी सांगितली, तेव्हा रामराव हळहळले, "आजकालच्या मुलींत चिकाटीच नाही." बोलायचा हक्क आपण दारातच गमावला, एवढं मंजुळाबाईंना पक्कं ठाऊक होतं.