डॉक्टरांच्या मोटारीची छाती

जगातली सगळी दुखणी छातीतूनच सुरू होतात, यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी माझी कशावरच नाही. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात जन्मभर लोकांच्या फुप्फुसांना कान लावून ते निवृत्त झाले, पण कान काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. जिन्यात गाठ पडली की "काय, कसं काय?" ऐवजी "एक मोठा श्वास घ्या बघू" म्हणायचे. आमची गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी विडीवरून दारातच असा झापला, की तो बिचारा शेगडी उघडी टाकून पळाला आणि आम्ही दोन दिवस छोले-भटुऱ्यांवर काढले. दिवाळीच्या सुमारास कापणीनंतर पेटवलेल्या शेतांतला धूर शहरावर उतरला की हे घरोघर मास्क वाटत फिरत. कुंडीतल्या तुळशीला तेवढा मास्क चढला नाही, तोही त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, हात धरला म्हणून.

या डॉक्टरांची एक जुनीपुराणी मोटार होती, कार्बोरेटरवाली. नोकरीवर रुजू व्हायला नवराबायको मिरजेहून तिच्यातूनच आले होते, आणि "परत जाऊ तर हिच्यातूनच, नाहीतर इथेच राहू" असा डॉक्टरांचा पण होता. मिरजेचं घर रंगवून तयार होतं, काकूंची बहीण तिकडे डोळे लावून बसली होती. अडलं होतं एवढंच, की गाडी धुराच्या तपासणीत दरवेळी नापास व्हायची, आणि पास झाल्याशिवाय ती मिरजेला न्यायचे कागद मिळणार नव्हते. सुरू झाली की मागून असा काळाकुट्ट लोट सोडायची, की आमची ही हातातलं काम टाकून गॅलरीतले कपडे आत घ्यायला धावायची. खरं सांगायचं तर मला मात्र तो धूर हवाहवासा वाटायला लागला होता. एवढ्या लांब, दार वाजवून मराठीत हक्कानं भांडावं असं ते एकच घर होतं. गाडी नापास होऊन आली की मी तोंड पाडून "अरेरे" म्हणायचो आणि वर जाऊन निवांत झोपायचो.

डॉक्टर गाडीला रोग्यासारखंच तपासायचे. स्पार्क प्लग काढायचा, त्यावरची काजळी बोटाला लावून हुंगायची, बॉनेट उघडून स्टेथोस्कोप लावायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग गंभीरपणे सांगायचे, "पेट्रोल जास्त, हवा कमी. हिला धाप लागतेय." गॅरेजवाले सरदारजी घरी येऊन सगळं करून थकले. कार्बोरेटर खोलून चोक पूर्ण उघडतोय ना ते बघितलं, फ्लोटची पातळी बघितली, सुई बदलली, जेट साफ केले. धूर जसाच्या तसा. एअर फिल्टरच्या गोल डब्याकडे त्यांचा हात गेला, की डॉक्टर अंगावर धावायचे. "उसे हात मत लगाना, वो मैंने खुद देखा है." साक्षात छातीच्या डॉक्टरांनी बघितलंय म्हटल्यावर सरदारजी "ठीक है जी" म्हणून मागे सरायचे.

एका रविवारी सकाळी काकू चहा घेऊन अंगणात आल्या आणि तिथेच थांबल्या. "अहो, तो डबा उघडून दाखवा ना त्यांना."

"गरज नाही. तो एकदम सुरक्षित आहे."

"सुरक्षित म्हणजे?"

डॉक्टर आकाशाकडे बघायला लागले. काकूंनी चहा बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि सरदारजींना म्हणाल्या, "खोलो जी."

आत फिल्टरभोवती काकूंची जुनी सुती साडी चांगली चौपदरी गुंडाळलेली होती, वर अगदी ऑपरेशनवाले सुबक टाके. मागच्या दिवाळीच्या धुरात डॉक्टरांनी गाडीलासुद्धा मास्क घातला होता आणि काढायचं विसरले होते.

"डाक्टर साब," सरदारजी पोट धरून म्हणाले, "आपने तो मरीज की सांस ही बंद कर दी."

"तरी शोधत होते मी ही साडी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्या काळवंडलेल्या कापडावरची काजळी बोटाला लावून हुंगली. "निदान बरोबर होतं हो," ते मला हळूच म्हणाले. "छातीच होती. फक्त कारण मी निघालो."

साडी काढून, नवा फिल्टर घालून गाडी सुरू केली. जरा गुरगुरली आणि मग अशी संथ चालायला लागली, की चालू आहे की बंद पडली ते बघायला सरदारजी खाली वाकले. मागे धुराचं नाव नाही. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांत हळू.

गाडी पास झाली. आठवड्याभरात सामान गेलं आणि एका सकाळी तेही दोघं गेले. निघताना काचेतून हात बाहेर काढून डॉक्टर म्हणाले, "खोकला झाला तर अंगावर काढू नका, लगेच फोन करा." आता आमचे कपडे दिवसभर गॅलरीत पांढरेशुभ्र वाळतात, आणि ही ते आत घ्यायचंच विसरते.

परवा मी मिरजेला फोन लावला आणि म्हटलं, "डॉक्टर, जरा खोकला झालाय."

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्यापासून."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग ते म्हणाले, "एक मोठा श्वास घ्या बघू." मी घेतला. खोकला नव्हताच, हे त्यांनाही ऐकू आलं असणार. तरीसुद्धा ते म्हणाले, "आणखी एक घ्या."