मुंगी न लागणारा डबा

१९ सप्टेंबर, शुक्रवार. घट बसायला तीन दिवस राहिले होते आणि मी स्वयंपाकघरातले डबे घासायला काढले होते.

फळीवरचे सगळे डबे खाली घेतले आणि एकेक रिकामा करत गेले. माझ्या पावडरीचा डबा सगळ्यात शेवटी हाताला लागला. प्लॅस्टिकचा, पांढरा, हिरव्या झाकणाचा. तो उचलला आणि मनगटावर काहीतरी चालल्यासारखं वाटलं. मुंगी होती. झाकणाच्या कडेला आणखी सात-आठ. झाकण या वेळी एका बाजूनं सैल राहिलं होतं; उघडलं तर आत रांगच लागलेली.

आमच्या पुणतांब्याच्या घरात गोडाला मुंगी लागणं यात नवल काही नाही. पण या डब्याला वर्षभरात मुंगी लागली नव्हती. त्यात साखर नव्हतीच. मला मधुमेह निघाला तेव्हा चहा सोडवेना, म्हणून साखरेच्या जागी ही पावडर सुरू केली होती. सुरू करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं होतं, की हे खाऊन दुसरंच काही होणार नाही ना? ते म्हणाले होते, "काकू, मापात घेतली तर बहुतेकांना चालते. वर्षानुवर्षं खाल्ल्यावर काय होतं, यावर अजून अभ्यास चालू आहेत. खरं विचाराल तर हळूहळू गोडाची सवयच कमी करा." मला ते उत्तर पटलं. घाबरवणारं नव्हतं आणि गोंजारणारंही नव्हतं.

डब्यातली चिमूटभर पावडर मी अंगठा आणि बोटाच्या मध्ये घेतली आणि कानाजवळ नेऊन चोळली. हे मला नवऱ्यानंच शिकवलं होतं. ते साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा पाक मोठ्या पॅनमध्ये आटत असताना दाणा नीट धरतोय का, ते बघायचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि सांगायचं, की अजून थोडा वेळ, किंवा आता उतरवा. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. घरी नवी साखर आली की आधी चिमूट घेऊन कानाजवळ चोळणार. "साखर दळली तरी बोलती," असं म्हणायचे.

ती बोलली. बारीक, पण करकर स्पष्ट ऐकू आली. जिभेवर ठेवली. सरळ गोड. त्या पावडरीची गिळल्यावर मागे राहणारी कडसर चव नव्हतीच. आठवून बघितलं, तर ती चव जूनपासूनच गेली होती. मला वाटलं होतं, जिभेला सवय झाली.

मी पाटावर बसले. डबे तसेच पसरलेले.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. डाव्यात सुरुवात आहे. मी ब्लाउज शिवते, बावीस वर्षं शिवते आहे. जूनमध्ये साखर आटोक्यात होती, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी जुलैत ऑपरेशन करू म्हणून सांगितलं. जुलैत रक्त तपासलं तर साखर चढलेली. परत पाठवलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेले तर आणखी चढलेली. डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "काकू, तुम्ही काहीतरी खाताय. एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर डोळा जाईल."

मी शपथ घेऊन सांगितलं, की काही खात नाही. नवरा बाहेर बाकावर मोबाईल बघत बसला होता.

त्या रात्री नवरा शेजारी बसलेला असतानाच मुलीचा चाकणहून फोन आला. "आई, खरं सांग. पेढे आणतेस ना गुपचूप?"

"मला खायचे असते तर तुझ्यासमोर बसून खाल्ले असते."

"मग साखर काय हवेतून चढते? आप्पा एवढं करतात तुझं, चहा करून देतात, सुया ओवून देतात. तू त्यांच्याशी तरी खरं बोल."

सुया ओवून देतात, हे खरं होतं. रोज सकाळी ते पहिल्यांदा चहा करायचे आणि मग खिडकीत बसून दहा-बारा सुयांत वेगवेगळ्या रंगांचा दोरा ओवून उशीला टोचून ठेवायचे, म्हणजे मला दिवसभर कुणाची वाट बघायला नको. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. शेवटी शेवटी तर मीच माझ्यावर संशय घेऊ लागले होते. ज्वारीची भाकरी तोलून खाल्ली. भात बंद केला. चहात मात्र ती पावडर बिनधास्त दोन-दोन चमचे घेत होते, दिवसातून चार वेळा. दह्यात घेत होते, लिंबू सरबतात घेत होते. तेवढंच तर माझं गोड होतं, आणि ते बिनधोक आहे असं मी धरून चालले होते.

दुपारी ते दळण घेऊन आले. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"ह्याला मुंग्या कशा लागल्या?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग दळणाची पिशवी उगाचच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

"पावसाळी हवा हाय. लागत्यात."

"तुम्ही चोळून बघा. तुम्हाला तर ऐकूनच कळतं."

ते हात पुढे करेनात. मी थांबले. मला घाई नव्हती. डबे अजून सोळा घासायचे होते.

शेवटी म्हणाले, "ती पावडर लई वाईट हाय. आमच्या कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर आलं हुतं. कॅन्सर हुतो म्हने त्यानं. मेंदू पोखरती."

"ग्रुपवर कुणी टाकलं? डॉक्टरनं?"

"कुनी का टाकंना. मी सोता खात्री केली." त्यांचा आवाज थोडा मोठा झाला. "अंगनात कढीपत्त्याच्या बुडाशी टाकून बघितली. एक मुंगी शिवली न्हाई. शेजारी साखर टाकली, ती घटकाभरात साफ. मुंगीला कळतं, मानसाला कळंना? जे मुंगी खात न्हाई ते तुला खायला घालायचं व्हय?"

"म्हणून साखर दळून भरली."

"आपल्या कारखान्याची हाय. सोच्छ हाय. दोन चमच्यांनी काय हुतंय? साखरेनं आजपतुर कुनी मेलंय का?"

"तुमच्या आईचा पाय कशानं कापला?"

त्यांनी मान खाली घातली. मला ते बोलायचं नव्हतं असं म्हणणार नाही. बोलायचंच होतं.

"डॉक्टरनं दोनदा मला परत पाठवलं," मी म्हटलं. "मुलीनं मला खोटारडी म्हटलं. तुम्ही तिथंच होता. ऐकत होता."

"मला वाटलं, सांगितलं तर तू ती पावडर परत आनशील."

"आणली असती."

"मंग?"

"मग काय! खायची की नाही, ते मी ठरवलं असतं."

 मी डबे घासायला बसले.

घासताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्यांनी मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, की त्या पावडरीची थोडी भीती मलाही वाटते. वाचता येतं मला. डब्यावरची बारीक अक्षरं डोळे बरे होते तेव्हा वाचली होती आणि त्यातले निम्मे शब्द कळले नव्हते. आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो असतो. नाहीतर दोघांनी मिळून बिनगोडाचा चहा प्यायची सवय केली असती. त्यांना पावडरीची भीती वाटली, याचा मला राग नाही. मुंगीला विचारलं, ग्रुपवरच्या लोकांचं ऐकलं, आणि चूल ज्या घरात पेटते तिथल्या बाईला तेवढं विचारायचं राहिलं. आणि मी परत आले, दोन्ही वेळा, तेव्हा त्यांनी मला चहा करून दिला. त्याच डब्यातला. कप हातात देताना म्हणाले होते, "जाऊ दे, पुढच्या येळेला हुईल."

संध्याकाळपर्यंत डबे घासून, पुसून, भरून झाले. हिरव्या झाकणाचा तेवढा रिकामा पालथा ठेवला. त्यातली पिठीसाखर कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली. मुंग्यांची सोय झाली.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याआधी उठले. दोन पातेल्यांत चहा टाकला. त्यांच्या चहात साखर, माझ्या चहात काहीच नाही. ते येऊन बसले तसा मी मुलीला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते."

त्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं, मुंगीसुद्धा.  मुलगी म्हणाली, "आप्पा, आईला द्या." मी खूण केली, नंतर. आधी चहा प्यायचा होता. तो वाईट लागला. मी संपवला.

मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, साखर परत कधी तपासायची. पावडर पुन्हा घ्यावी का, हेही त्यांनाच समोर बसून विचारायचं ठरवलं. नवऱ्याला सांगितलं, या वेळी बाहेर बाकावर बसायचं नाही.

ते सवयीनं खिडकीत गेले आणि दोरे घेऊन बसले. मी नको म्हटलं नाही. हिरव्या काठाचे दोन ब्लाउज दुपारी द्यायचे होते आणि मला सुईचं भोक दिसत नव्हतं. त्यांनी सुयांची उशी माझ्यापुढे ठेवली. मी एकेक सुई उपटली आणि दोरा ओढून बघितला.