नऊ नंबर आणि भावाचा इको

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि पेनाच्या टोकानं एक पांढरी पट्टी दाखवली. "ही तुमच्या हृदयातली मधली भिंत. जेवढी असायला हवी त्याच्या जवळपास दुप्पट जाड आहे." मग त्यांनी नाव सांगितलं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. म्हणजे हृदयाचा स्नायू कारणाशिवाय जाड होत जातो आणि जोराच्या धावपळीत त्याचा ठेका एकाएकी बिघडू शकतो. बिघडला तर माणूस जागच्या जागी जातो.

मी विचारलं, हा हंगाम संपल्यावर खेळणं बंद केलं तर चालेल का?

"काल बंद करायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. परंड्याचा पोरगा, किल्ल्याजवळच्या मैदानावर अनवाणी शिकलेला. तिथून धाराशिवच्या कॉलेजचा संघ, मग सोलापूरच्या स्पर्धा आणि शेवटी पुण्याचा क्लब. क्लबमध्ये तीन हंगाम मी स्ट्रायकर म्हणून खेळलो. स्ट्रायकर म्हणजे सगळ्यात पुढं उभा राहून गोल करणारा. पाठीवर नऊ नंबर. शेवटच्या हंगामात माझे अकरा गोल झाले आणि वरच्या लीगमधल्या एका मोठ्या क्लबनं करारासाठी बोलावलं. करारावर सही करण्याआधी त्यांच्याकडं पूर्ण तपासणी असते. ईसीजी, म्हणजे छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मी हसत हसत टेबलावर झोपलो होतो.

डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी चक्कर आली होती?

आली होती, दोनदा. दोन्ही वेळा रमजानमध्ये, रोजा धरून सराव करताना. आमच्याकडं रोज्यात पोरगं पडलं की कारण शोधावं लागत न्हाय. ऊन आणि रोजा. तोंडावर पाणी मारायचं, सावलीत न्यायचं, सूर्य मावळला की खजूर हातात द्यायचा. मी क्लबच्या कोचलाही सांगितलं नव्हतं, कारण रोजा धरून खेळलेलं त्यांना आवडायचं नाही. सांगितलं असतं तर बाकावर बसवलं असतं.

घरात कुणी अचानक गेलंय का, हा पुढचा प्रश्न. मी नाही म्हणालो. मग आठवलं. मी दहावीला असताना माझे चाचा, अब्बांचे धाकटे भाऊ, परंड्याच्या बाजारात उभ्या उभ्या कोसळले. वय पस्तीस. महिना रमजानचा, दिवस जूनचे. ऊन लागलं असं सगळे म्हणाले आणि संध्याकाळच्या आत आम्ही दफन करून आलो. डॉक्टरांनी मान न हलवता ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "हा आजार घराण्यातून येतो. आई, वडील, भाऊ, बहीण, सगळ्यांचा ईसीजी आणि इको करून घ्या. भाऊ खेळतो म्हणालात ना? त्याचा आधी."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

पुढं होल्टर झालं. होल्टर म्हणजे एक छोटं यंत्र दिवसभर छातीला बांधून ठेवतात आणि ते प्रत्येक ठोका टिपून घेतं. त्यात ठेका दोनदा भरकटलेला दिसला. म्हणून आयसीडी बसवायचं ठरलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत. ठेका बिघडला की ती आतून झटका देते आणि हृदयाला ताळ्यावर आणते. तुमच्यापैकी कुणाला हे सांगितलं गेलं असेल तर घाबरू नका. शस्त्रक्रिया मोठी नाही. टाके दुखतात आणि डावा हात काही आठवडे वर उचलायचा नाही, एवढंच.

दवाखान्यात पाच दिवस माझ्याजवळ फैजान राहिला. फैजान माझा धाकटा भाऊ, वीस वर्षांचा. तोही स्ट्रायकर. त्यानं माझे केस विंचरले, मला संडासला नेलं, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. चौथ्या दिवशी क्लबचे कोच मला भेटायला आले. सफरचंदं आणली होती. जाताना दारात उभं राहून त्यांनी फैजानला विचारलं, तू अजून खेळतोस का रे?

बास. तिथून माझं पोट दुखायला लागलं ते आजपर्यंत.

महिन्याभरात फैजानचं ठरलं. माझाच क्लब, माझी जागा, आणि वर नऊ नंबर. तो क्लब लहान. तिथं इको-बिको काही करत नाहीत, एक फॉर्म भरून घेतात आणि रक्तदाब बघतात. अम्मीनं मोहल्ल्यात शिरकुर्मा वाटला. ईद नव्हती, काही नव्हतं. मी पलंगावर डावा हात पोटाशी धरून बसलो होतो. येणारा प्रत्येकजण आधी माझी तब्येत विचारायचा आणि मग फैजानला मिठी मारायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

डॉक्टरांचं वाक्य मी घरात सांगितलं कधी? तो निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवताना. आधीचे पाच आठवडे मी गप्प होतो. का गप्प होतो याची मी पुष्कळ कारणं देऊ शकतो, पण खरं कारण एकच. त्याला काही निघालं तर दया त्याच्या वाट्याला जाईल आणि काही निघालं नाही तर मग तो खरंच जाईल, हे दोन्ही मला नको होतं. आणि सांगितलं तेही कसं, तर त्याची बॅग भरलेली बघून. "आधी छाती तपास, मग जा," असं ताटावरून नजर न उचलता म्हणालो.

घरात आम्ही दखनी बोलतो. त्या दिवशी तो जे बोलला त्याचं मराठी असं: "भाई, तुम्हाला बघवंना ना माझं?"

अम्मीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि माझ्याकडं बघितलंही नाही. अब्बा म्हणाले, जाऊ दे त्याला, खुशीनं जाऊ दे. मला वाईट वाटलं, आणि लई राग आला. ठीक आहे, मी मनात म्हणालो. माझं कर्तव्य झालं. पुन्हा सांगणार नाही.

चार महिने मी पुन्हा सांगितलं नाही. फोनवर त्याचे सामने बघायचो. त्यानं चेंडू बाहेर मारला की बरं वाटायचं. गोल केला की आवाज बंद करायचो. हृदयासाठी मला बीटा ब्लॉकर गोळ्या होत्या, ज्यांनी ठोके हळू पडतात. तरी त्याच्या गोलाला माझी छाती धडधडायचीच. अब्बा दुकानातून ओरडून स्कोअर विचारायचे आणि मी म्हणायचो, रेंज न्हाय.

मग रमजान आला आणि क्लबनं आठवडाभर सुट्टी दिली म्हणून फैजान घरी आला. संध्याकाळी रोजा सुटायच्या आधी पोरांत खेळायला मैदानावर गेला. मी कडेला बसलो होतो. अर्ध्या मैदानातून तो चेंडू घेऊन पळत आला, आणि मधेच थांबला. गुडघ्यांवर हात ठेवले. मग खाली बसला, डोकं दोन्ही हातांत धरून.

पोरं जमली. कुणीतरी म्हणालं, रोजा लागला त्याला. सावलीत न्या.

हेच वाक्य. माझ्यासाठी दोनदा म्हटलेलं, चाचांसाठी एकदा. मी उठलो. दोन मिनिटांनी तो हसत उभा राहिला आणि पुन्हा खेळायला निघाला. मी मैदानात घुसलो आणि त्याचा दंड धरला. सोडा म्हणाला. पुन्हा तेच का, म्हणाला.

चार महिने जे गिळून बसलो होतो ते सगळ्या पोरांसमोर तोंडातून निघालं.

"व्हय, बघवंना मला तुझं. माझी जर्सी घालून फिरतोस, जीव जळतो माझा. तू हरावास असं रोज वाटतं. पण मरावास असं न्हाय वाटत, फैजान. चाचासारखा मरावास असं न्हाय वाटत."

त्यानं दंड सोडवून घेतला नाही. मी काळजीचं सोंग आणलं असतं तर त्यानं हात झटकला असता. मग तो म्हणाला, "कधी जायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही धाराशिवला गेलो. हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आमचा नंबर चौदावा. फैजानचा रोजा होता, माझा नव्हता. गोळ्यांमुळं मी धरत नाही. पण त्या दिवशी मीही पाण्याचा घोट घेतला नाही.

त्या खुर्चीवर बसून मी काय मागत होतो ते लिहितो. मी अल्लाहकडं त्याचं हृदय साफ निघू दे असं मागत होतो. आणि त्याच्या मागोमाग, तितक्याच स्पष्टपणे, मनात यायचं की निघालंच काही तर आम्ही दोघं सारखे होऊ. मग अम्मी दोघांकडंही सारखंच बघेल. हे आलं की मी तौबा करायचो. तौबा केली की पुन्हा यायचं.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी इको करायला बराच वेळ घेतला, मग माझे जुने कागद बघितले, मग पुन्हा यंत्र लावलं. "भिंत नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. "ईसीजीही चांगला आहे. कालची चक्कर पाणी कमी पडल्यामुळं आलेली दिसते. पण हा आजार पुढंही दिसू शकतो, म्हणून दर वर्षी इको करायचा. आणि रोज्यात जोराचं खेळायचं नाही."

फैजान ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्या आत दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, लई हायसं वाटलं. दुसरी, मला वाटलं, म्हणजे हे एकट्या माझ्याच नशिबी. दोन्ही खऱ्या होत्या.

स्टँडवर एसटीची वाट बघताना तो म्हणाला, "भाई, तुम्ही म्हणत असाल तर सोडतो मी. खरंच."

तो खरंच सोडणार होता, हे मला माहीत होतं. माझ्या एका शब्दावर नऊ नंबर दोघांचाही गेला असता. हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, हेही इथं नोंदवून ठेवतो.

"जा, खेळ," मी म्हणालो. "दर वर्षी इकोला मी आणीन तुला. न्हाय आलास तर कोचला फोन लावीन."

त्यानंतर अम्मी, अब्बा आणि बहिणीचीही तपासणी झाली. अब्बांची भिंत थोडी जाड निघाली, त्यांना गोळी सुरू आहे. इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. आता मी परंड्यात शाळेच्या पोरांना शिकवतो, शिट्टी वाजवतो, स्वतः पळत नाही. कुठलंही पोरगं धावता धावता पडलं की आधी त्याच्या घरच्यांना बोलावून घेतो, रोजा असो, उपास असो, ऊन असो. लोक म्हणतात, मास्तर लई भित्रा आहे. म्हणू द्या.

यंदा फैजानचा दुसरा इको झाला, तोही साफ. परवा त्यानं दोन गोल केले. दुसऱ्या गोलाला मी फोन उशीवर आपटला.

तुमच्या घरात असं काही निघालं तर भावाला, बहिणीला त्याच दिवशी सांगा. माझ्यासारखे पाच आठवडे आणि चार महिने घालवू नका. मन साफ झालं की सांगू, असं म्हणून थांबू नका. माझं अजून झालेलं नाही.