गुणाची बाटली

कान्हे गावी आमचं शेत थोडं आणि गवताचं रान फार. दिवाळी सरली की कापणी लागायची, भारे बैलगाडीतून स्टेशनावर जायचे आणि तिथून मालगाडीच्या वाघिणीत भरून मुंबईच्या तबेल्यांना. राहिलेल्या गवताच्या गंजी रचायचं काम आईचं. भारे असे बसवायची की वर माणूस नाचला तरी पेंढी सरकायची नाही. आणि दर वर्षी पहिली गंजी अर्धी व्हायच्या आत तिचे डोळे खाजायला लागायचे.

खाज म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. डोळे लाल व्हायचे, पाणी गळायचं, ती मनगटाने चोळत राहायची. पाणवठ्यावर बायका तिच्यापासून लांब सरकायच्या. "हिचं डोळं आल्यात वाटतं." डोळे आले नव्हते. आले असते तर आम्हां सगळ्यांचे आले असते की! पण लाल डोळ्याला गावात तेवढाच एक शब्द होता, त्याला आई काय करणार? गवत संपलं की खाज संपायची. इतकं साधं होतं ते. सोसलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी पुढे पुष्कळदा म्हणाले. खाज माझी नव्हती म्हणून म्हणाले.

वडलांना आम्ही आबा म्हणायचो. मी लग्नाच्या वयाला आले होते त्या साली आबांच्या डोळ्यात कुसळ गेलं. तळेगावच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकला, डोळा बधिर केला आणि चिमट्याने कुसळ काढलं. फारच ठणकलं तर झोपताना एकदा टाका म्हणून बोटाएवढी बाटली बरोबर दिली, आणि सकाळी उरलेलं ओतून द्या म्हणून बजावलं. आबा घरी आले ते हरखून. "लय गुणाचं हाय गं! डोळा हाय का न्हाई, तेबी कळंना."

सकाळी बाटली ओतली गेली नाही. "चांगलं औषद कुनी वततं व्हय?" असं म्हणून आबांनी ती देवाच्या कोनाड्यात अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली. आमच्याकडे हे असंच. एकाला गुण आला की ते औषध सगळ्या घराचं. त्यात आबांचा आईवर फार जीव, तिचं डोळे चोळणं त्यांना बघवायचं नाही. त्यांनीच तिला गंजीच्या सावलीत बसवलं, हनुवटी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.

"आता खाजतंय का?"

"न्हाई वं."

"मंग कसं वाटतंय?"

आई म्हणाली, "काईच वाटंना," आणि हसली. आबाही हसले.

गुण आला म्हणून सांगत सुटले दोघं. खाज परतली की पुन्हा थेंब. त्या वर्षी गंजी भराभर उभ्या राहिल्या, कारण आई चोळायला थांबायचीच नाही. डोळ्यात काय जातंय, काय रुततंय, तिला पत्ता नव्हता. पापणी लवायचीसुद्धा कमी झाली होती.

एका सकाळी ती भाकरीचं पीठ मळत होती आणि मी समोर बसले होते. तिच्या उजव्या बुबुळावर कुसळ आडवं पडलं होतं. मला ते स्वच्छ दिसत होतं. बुबुळाचा तेवढा भाग दुधाळ झाला होता. आणि ती डोळा उघडा ठेवून माझ्याशी बोलत होती, लसूण संपलाय म्हणून.

गाडी जुंपली आणि तळेगाव गाठलं. डॉक्टरांनी कुसळ काढलं, मग बाटली मागून घेतली.

"गुण आल्ता, सायेब," आबा म्हणाले.

"गुण नव्हता तो. डोळा बधिर झाला होता. दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी आणलं असतंत तुम्ही हिला."

जखम भरली. डावा डोळा वाचला, उजव्या बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि त्याची नजर गेली. फूल म्हणे! ज्या माणसाने हा शब्द काढला त्याचा मला राग येतो. दुसऱ्या कुणाचा राग यावा तर तसं कुणी सापडत नाही. तळेगावहून परतलो त्या दिवशी मला रडूही आलं नाही. घरी आलो, बैलांना पाणी दाखवलं, मी चूल पेटवली.

पुढच्या वर्षी आईने एका डोळ्याने गंजी रचली आणि ती कलली. आबा तिला खांद्याचा टेकू देऊन उभे राहिले, गडी बांबू घेऊन येईपर्यंत.

मी लग्न होऊन लोणावळ्याला आले, नवरा रेल्वेत. काही वर्षांनी खाज मलाही लागली, अगदी गवत पिवळं पडायच्या वेळेला. इथल्या डॉक्टरांनी थेंब दिले तेव्हा मी आधी विचारलं, "ह्यानं बधिर होतं का?"

"छे हो बाई. खाज कमी होईल, पण डोळ्याला सगळं कळेल. जरा झोंबेल." मग त्यांनी सांगितलं: आधी हात धुवा, नळीचं टोक पापणीला लागू देऊ नका, बाटली तुमच्या एकटीची, महिन्याने ओतून टाका. चोळू नका, गार पाण्याची घडी ठेवा. आणि डोळा दुखला, उजेड सोसेना किंवा धुरकट दिसायला लागलं तर थेंब घालत बसू नका, सरळ इकडे या.

महिना झाला की मी बाटली मोरीत ओतते. "अगं, अर्धी आहे की!" नवरा म्हणतो. असू दे, म्हणते मी.

दिवाळीनंतर आई येते. चांगला डोळा माझ्याकडे करून बसते, बोटाने माझी हनुवटी वर करते आणि विचारते, "खाजतंय का गं?"

"खाजतंय."

"लय?"

"लय."

"मंग बरं हाय," ती म्हणते आणि हनुवटी सोडते.