माझ्या बायकोला पोहता येतं

मी ताडकळसच्या शाळेत बरीच वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. समुद्र मात्र दोनदाच पाहिला होता, आणि तोही सहलीच्या पोरांची डोकी मोजत, म्हणजे त्याच्याकडे पाठ करूनच.

निवृत्तीनंतर आम्ही शाळेतले चौघं मास्तर परभणीत जवळजवळ राहायला आलो. रविवारी सकाळी आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी सगळ्यांचा सहकुटुंब चहा असतो. एका रविवारी गणिताच्या सरांनी मोबाईलवर एक बोट दाखवली. त्यांचा मुलगा गोव्यात नोकरीला, त्यानं शोधून काढली होती. कॅटामरान म्हणतात तिला. दोन निमुळत्या होड्या शेजारी ठेवून त्यांच्यावर घर बांधावं, तशी. खाली चार खोल्या, वर शीड, आणि पुढे दोन्ही होड्यांच्या मधे जाळी ताणलेली. चालवणाऱ्या कप्तानासकट ती अख्खी भाड्यानं मिळते, दोन दिवस आपण म्हणू तिकडं नेतात. खोल्या चार आणि आपण जोडपी चार, असं सरांनी दोनदा सांगितलं. बायकांनी आधी हसण्यावारी नेलं, मग तिथं जेवण कोण करणार ते विचारलं. स्वयंपाकी बोटीवरच असतो म्हटल्यावर बेत पक्का झाला.

पुढच्या रविवारी चहा आमच्याकडे होता. बोटवाल्यांनी एक फॉर्म पाठवला होता. प्रत्येकाचं वय, औषधं, खाण्यातलं काय चालतं, काय नाही, आणि शेवटी एक प्रश्न : पोहता येतं का? गणिताचे सर चष्मा लावून एकेकाला विचारत होते आणि लिहीत होते. नाही, नाही, नाही. आमची पाळी आली तेव्हा मीच म्हणालो, "आमचं दोघांचंबी न्हाईच लिहा."

बायको चहाचे कप उचलत होती. ती थांबली.

"सर, माझ्यापुढं हो लिहा," ती म्हणाली. "मला पवता येतंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं, हे कधी शिकलीस. तिनं भांडी घासता घासता सांगितलं. पेडगावला त्यांच्या मळ्यात विहीर होती. थोरल्या भावानं कमरेला वाळके भोपळे बांधून तिला पाण्यात सोडलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळे सुटले. तिसऱ्या उन्हाळ्यात ती काठावरून मुटका मारायची आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायची. मग बाराव्या-तेराव्या वर्षी घरच्यांनी बंद केलं, आता बरं दिसत नाही म्हणून. भाऊ तसाच पोहत राहिला. ही काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायची.

"मला कधी सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

"काय सांगायचं त्यात? नळाच्या गावात दिलं मला." ती हसली, पण मला काही हसू आलं नाही. मी दर उन्हाळ्यात पोरांना घेऊन तिच्या माहेरी जायचो. तिचा भाऊ आमच्या दोन्ही मुलांना त्याच विहिरीत पोहायला शिकवायचा. ही टॉवेल घेऊन वर उभी राहायची आणि मी सावलीत पेपर वाचायचो.

मला काळजीही वाटत होती. बासष्टीच्या बाईनं पन्नास वर्षांनी समुद्रात उतरायचं म्हणजे काय? मी तिच्या भावाला फोन केला. मला वाटलं, तो हिला समजावेल. तो म्हणाला, "दाजी, ती माझ्याहून लय दमाची होती. तुमी नुसतं तिला उतरू द्या."

निघायच्या दिवशी आम्ही पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेतलं आणि भाड्याच्या गाडीनं गोव्याला गेलो. धक्क्यावर कप्तानानं चपला काढून घेतल्या, प्रत्येकाला जॅकेट बांधलं आणि कुठं धरायचं, कुठं उभं राहायचं नाही, ते नीट समजावलं. शीड चढलं, इंजिन बंद झालं आणि एकदम इतकं शांत झालं, की गणिताच्या सरांनीही बोलणं थांबवलं. पण पहिला दिवस माझा वाईटच गेला. पोटात ढवळत होतं. बायको आवळासुपारीची डबी घेऊन माझ्याशेजारी बसून राहिली आणि जेवायलाही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानानं एका लहान बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. तिथं पाणी तळ्यासारखं निवांत होतं. त्यानं फॉर्म काढून पाहिला आणि विचारलं, पोहणारे कोण आहेत. बायको खाली जाऊन सुनेनं घेऊन दिलेला पंजाबी ड्रेस घालून आली. शिडीवरून उतरताना तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्यात गेली.

जॅकेटमुळे तिला हात मारता येईनात. तिनं तक्रार केली, तेव्हा कप्तान स्वतः पाण्यात उतरला. बराच वेळ त्यानं तिला बोटीच्या दोराजवळ पोहायला लावलं, मग जॅकेट काढून घेतलं आणि हाताच्या अंतरावर राहिला. ती हळूहळू पुढे गेली. डोकं वर, हनुवटी पाण्याला टेकलेली, हात पाण्याखाली. आवाजच नाही. ती बोटीला पूर्ण वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आली, तेव्हा बाकीच्या बायका रडत होत्या की हसत होत्या, मला कळेना. माझं मलाच धड दिसत नव्हतं.

"हिरीपरीस सोपं हाय हो," ती खालून म्हणाली. "पाणीच उचलायलंय."

मिठाच्या पाण्यात अंग का तरंगतं, ते मी कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. मी जॅकेट घट्ट करून घेतलं आणि शिडीवरून उतरलो. शेवटची पायरी सोडवेना. ती जवळ आली. अडतीस वर्षांत मी चारचौघांत तिचा हात धरला नव्हता. तिनं तिचा तळवा माझ्या पाठीखाली धरला आणि म्हणाली, "अंग सोडा. मी हाय."

मी शिडी सोडली. कानात पाणी गेलं, वर आभाळ दिसलं, आणि पाठीला तिची पाची बोटं लागत होती. पोट त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच शांत झालं. किती वेळ गेला सांगता येत नाही.

दुपारी ती पुढच्या जाळीवर ओले केस मोकळे सोडून झोपली. मी तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पंचा धरून बसलो. कप्तान येऊन म्हणाला, परतायचं तर आता नांगर उचलायला हवा. मी त्याला खुणेनं विचारलं, थोडं थांबता येईल का. तो तिच्याकडे बघून मान हलवून गेला, आणि आत जाऊन त्यानं सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला.

आता परभणीत तलावावर बायकांची वेळ असते, तेव्हा ती जाते. मी तिला स्कूटरवर सोडतो आणि बाहेरच्या बाकावर थांबतो. गेल्या आठवड्यात ती बाहेर आली तेव्हा तिच्याबरोबर एक तरुण बाई होती. ही पाण्याला फार घाबरते, असं बायकोनं मला सांगितलं. बायको तिला पुन्हा पुन्हा काहीतरी समजावत होती, आणि दोघींच्या केसांतून पाणी गळत होतं.