पेरभर कापूस

गोव्यात नारळ होतो, काजू होतो, सुर्ल्याच्या डोंगरातून खनिज निघतं. कापूस तेवढा कुठे होत नाही. तरीही कापसातलं सगळ्यात जास्त कळणारं माणूस आमच्या गोव्यातच, डिचोलीजवळच्या सर्वण गावात राहत होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. ते माणूस म्हणजे माझ्या बायकोची आत्या. तिच्या वडिलांचं डिचोलीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं, आणि इतर मुली बाहुल्यांशी खेळायच्या त्या वयात ही म्हणे दुकानाच्या गादीवर चिंध्यांचे धागे उसवत बसायची. घरात कुठल्याही कारणाने कापड घ्यायचं झालं की आत्याला बोलावणं जायचं, आणि आत्या आपली काळी छत्री घेऊन हजर व्हायची, भर उन्हाळ्यातसुद्धा.

छत्री पावसासाठी नव्हतीच. दुकानात शिरलं की आत्या ती उघडायची आणि दुकानदार बिचारा बाहेर डोकावून आभाळ बघायचा. मग ती कापडाच्या ताग्याच्या कडेचा धागा ओढून काढायची, त्याचा पीळ हलक्या हाताने सोडवायची आणि सुटे झालेले पांढरे तंतू छत्रीच्या काळ्या कापडावर ठेवून शेजारी अंगठा टेकवायची. तंतू अंगठ्याच्या पेराएवढा भरला तर कापड घरी यायचं. आखूड निघाला तर छत्री मिटून आत्या पुढच्या दुकानात. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ती मंडळींबरोबर हरमलला आमच्या घरी आली. मी चहाचा कप पुढे केला, तर तिने माझी बाही पकडली, शर्टाच्या आतल्या कडेचा एक धागा काढला आणि तिथेच छत्री उघडली. "शर्ट बरो आसा," ती म्हणाली. "चल्याचें मागीर पळोवया." म्हणजे शर्ट पास झाला, मुलाचं मग बघू.

पुढे आम्ही हरमलला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. पाहुणे यायची वेळ जवळ आली आणि चादरी नव्हत्या. म्हापशाच्या एका दुकानात मला हवं तसं कापड मिळालं, पांढरंशुभ्र आणि चकचकीत. आत्याने त्याचा कोपरा ओला करून दोन्ही हातांत चोळला. चकाकी पाण्याबरोबर गेली आणि खाली मच्छरदाणीसारखं काहीतरी उरलं.

"जावयबापू, ही खळ. कापूस खंय आसा?"

"आते, कापड खराब करू नाकात," दुकानदार कळवळून म्हणाला.

शेवटी डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात तिने जे कापड पसंत केलं ते इतकं मळकट, निस्तेज होतं की माझा चेहराच पडला. पाहुणे काय म्हणतील, असं मी पुटपुटलो. आत्या तिथेच थांबली. "ह्या चादरींक गोळे आयले जाल्यार हांव परत तुमच्या घरा पांय घालूंची ना," ती म्हणाली. माझ्या बायकोला तिनेच लहानाची मोठी केलेली. बायकोने लगेच पिशवी पुढे केली, आणि मी पैसे काढले.

चादरींनी खारं पाणी सोसलं, वाळू सोसली, दगडावरचं आपटणं सोसलं. दर धुण्यागणिक त्या उजळत आणि मऊ होत गेल्या. शेजारच्या खोल्यांतल्या चकचकीत चादरींवर सुटलेल्या आखूड तंतूंचे बारीक गोळे केव्हाच धरले होते. कुणी पाहुण्याने चादरी कुठून आणल्या विचारलं की मी दुकानाचं नाव न सांगता "आमच्या आत्याने निवडल्या" म्हणायचो. ते म्हणताना मला माझ्या खोल्यांपेक्षा तिचाच अभिमान वाटायचा. ती मात्र दर वर्षी यायची ती आधी ओसरीच्या पायरीवर उभी राहायची. बायको चादर बाहेर आणून द्यायची, आत्या तिच्यावरून हात फिरवायची आणि मगच आत पाऊल टाकायची.

शेवटची आली तेव्हा तिला दिसत नव्हतं, आणि बोटांनाही पूर्वीसारखं कळत नव्हतं. पायरीवर उभं राहून तिने चादर बराच वेळ चाचपली. मग कडेचा धागा ओढून बायकोच्या हातात दिला आणि छत्री पुढे केली. बायकोने पीळ सोडवला, तंतू काळ्या कापडावर ठेवले आणि आत्याचाच अंगठा धरून त्यांच्याशेजारी टेकवला.

"पेरभर आसा मगे?"

"पेराभायर गेला, आते."

"गोळे?"

"एकूय ना."

आत्याने छत्री मिटली, पदर सारखा केला आणि विचारलं, "मागीर येव मगे भितर?"