हौद्यात झोपणारे निकम सर

निकम सरांची आणि माझी ओळख एका पुठ्ठ्याच्या खोक्यामुळे झाली. अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात मी नवीन होते. नन्सच्या शाळेत शिकलेली, म्हणून सगळे मला 'मड्डम' म्हणत. सरांनी माझे पहिले ड्रॉइंग पाहिले, पुठ्ठा कापून त्याच मापाचे खोके केले, आत बोल्टची जागा खुणेने दाखवली आणि म्हणाले, "मॅडम, चित्र सुरेख आहे. आता या बोल्टपर्यंत हात घालून दाखवा." हात गेला नाही. सगळे हसले. सरांनी स्वतःचा हात घालून पाहिला. "माझाही जात नाही," एवढेच म्हणाले.

सर मूळचे देवळ्याचे. डोंगरातल्या पाड्यांवरून आजारी माणसाला खाली आणता येईल, अशी गाडी त्यांना करायची होती. जीप बांधाच्या वाटेत मावत नाही आणि लहान गाडीवर माणूस आडवा होत नाही, म्हणून ही मधल्या आकाराची. चारही चाकांना इंजिनाचा जोर, प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग, पोटाखाली दगड झेलणारे जाड पत्र्याचे कवच आणि मागे माणूस आडवा होईल एवढा छोटा हौदा.

पेठच्या चढावर चाचणीला गेलो की प्रत्येकाला स्टिअरिंग हवे असे. सर मात्र त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी शिवलेली गोधडी हौद्यात पसरून आडवे होत. "पेशंट गाडी चालवत नसतो," म्हणत. पहिल्या नमुन्यातून ते उतरले ते पाठ चोळतच. वजनाचा तोल साधावा म्हणून इंजिन आम्ही हौद्याखाली बसवले होते. "अहो, खाटेखाली चूल पेटवलीत तुम्ही!" आम्ही सगळे पुढे बसणारे, हे सुचणार कोणाला? इंजिन पुढे सरकले आणि माझी सगळी ड्रॉइंग्ज नव्याने झाली.

माझे पती गेले, त्या दिवसांत सर आणि मालतीबाई रोज संध्याकाळी घरी येत. बाई डबा ठेवून माझ्याजवळ बसत. सरांना सांत्वनाचे बोलता येत नसे. ते अंगणात जाऊन माझ्या स्कूटरचे ब्रेक तपासत.

मागच्या पावसाळ्यात मालतीबाई गेल्या. मी सरांकडे जाऊन नुसती बसून राहिले. त्यांच्यासाठी कशाचे ब्रेक तपासावेत, मला कळेना. त्यानंतर सरांनी जे अंथरूण धरले, ते आजही सुटलेले नाही. मणके पार झिजले आहेत, डॉक्टर म्हणतात. इतकी वर्षे हौद्यात खाल्लेले हादरे आता वसूल होत आहेत, असे मला वाटते. सर तसे म्हणू देत नाहीत.

ती गाडी बनणे केव्हाच थांबले. पेठच्या वरच्या एका पाड्यावर शेवटची चालू होती, यशवंत नावाच्या चालकाकडे. या गाडीत इंजिनाचा जोर एका रबरी पट्ट्यातून चाकांकडे जातो. यंदा तो पट्टा तुटला, तसा मिळेना, आणि पाड्यावरचे आजारी पुन्हा झोळीतून खाली येऊ लागले. सरांच्या पंचाहत्तरीच्या अमृतमहोत्सवाचे विचारायला आम्ही गेलो तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शाल राहू द्या. पट्टा करून आणा."

आम्ही जुन्या सहकाऱ्यांनी तो करून घेतला. गेल्या आठवड्यात यशवंतचा फोन आला, तेव्हा मी सरांजवळच होते.

"सर, चालू झाली! ऐकू येतंय ना?"

सरांनी डोळे मिटले. "चढावर घे."

"मघाशीच घेतली. लय भारी चालली, सर!"

"हौद्यात कोण झोपलंय?"

"कोणी नाय."

"मग तुला काय कळणार भारी चालली ते?"

कित्येक महिन्यांनी सर हसले. मग बराच वेळ त्यांनी अंगावरच्या त्याच गोधडीचा काठ हातात धरून ठेवला.

सर, पट्टे आम्ही दोन करून घेतले आहेत. पहिला पुष्कळ वर्षे टिकेल, म्हणतात. तेवढी वर्षे तुम्हीही आमच्यात असायला हवे, धडधाकट. दुसरा बसवायची वेळ आली की आपण पेठला जाऊ. तुम्ही पुढच्या सीटवर बसा. गोधडी घेऊन हौद्यात मी झोपेन.